भांडणांची वही

दोनशे पानी, आखीव. मलपृष्ठावर पाढे.
पहिल्या पानावर माझ्या अक्षरात तीन ओळी :
काय झालं.
मी काय केलं.
आता मला काय हवंय.
आधी इथं लिहायचं, मग बाईंकडे यायचं.

पूर्वी मी हात मिळवायला लावायचे.
"सॉरी म्हण." "सॉरी." "मोठ्यानं." "सॉऽऽरी."
आणि शाळा सुटली की वडगावातल्या त्या बोळात,
जिथं मागांच्या खटखटीत रडणंही ऐकू येत नाही,
तेच दोघे एकमेकांच्या उरावर.
माझं सॉरी फाटकापर्यंतसुद्धा टिकायचं नाही.

आता सातवी ब लिहिते.
निम्म्यांचा राग दुसऱ्याच ओळीत संपतो,
जोडाक्षरांना कंटाळून.
तहेसीननं लिहिलं, मी काय केलं : काही नाही.
मग खाडाखोड. मग : थोडं केलं.
मग पानभर.

भाग्यश्रीचं पान :
दुपारी माझं केळं तिला, तिची चिक्की मला, हे ठरलेलं होतं.
आज तिनं चिक्की सानिकाला दिली.
मला काय हवंय : चिक्की नको.
आधी सांगायला पायजे होतं.

मी या पानाखाली काहीच लिहिलं नाही.
काय लिहिणार?

विरेश यंदाच आला, रबकवीहून, काकाच्या मागावर बापाला काम लागलं म्हणून.
आई इचलकरंजीची, म्हणून मराठी शाळा.
पहिल्याच दिवशी म्हणाला, "माझी डबा कुठं हाय?"
झालं. वर्गानं बारसं केलं : माझीडबा.
हजेरीतसुद्धा मागून कुणीतरी.
सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्यानं, सुयश धामणेकर.

विरेशनं अडीच ओळी लिहिल्या. मराठीत.
मधे एकच शब्द कन्नड अक्षरांत, कारण
त्या जागी बसेल असा दुसरा त्याच्याकडे नव्हता.

सुयशला म्हटलं, वाच.
तो वाचत गेला आणि त्या शब्दाशी ठेचकाळला.
बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं :
हो... ट्टे... की... नाही, कि... च्चु.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
विरेश हसला नाही.
मी बघत होते. हसायची त्याची पाळी होती,
आणि तो हसला नाही.

"होट्टे म्हंजे पोट," म्हणाला. "किच्चु म्हंजे आग."
"म्हंजे मी जळूलोय तुझ्यावर?"
"मला काय म्हाईत. तूच सांग की."

बाहेर कुठल्यातरी मागाचा धागा तुटला असावा,
एक खटखट थांबली, मग पुन्हा लागली.
सुयश वहीच्या कडेला नखानं रेघा ओढत होता.
"चाचणीत तुझा पयला नंबर आला ना," म्हणाला,
"तवापास्नं."

ते काही मित्र झाले नाहीत.
एकमेकांच्या घरी जात नाहीत, एका सायकलीवर बसत नाहीत.
फक्त शुक्रवारी नव्यानं कुणी "माझीडबा" म्हटलं
तेव्हा सुयश मान वर न करता म्हणाला, "गप बे."
आणि वर्गात हल्ली कुणाचंही काही दुखलं की
"पोटात किच्चु पेटलाय काय गा?"
व्याकरणाच्या बाई म्हणून मला हे चालायला नको.

कडोलकर बाईंशी मी अकरा दिवस बोलत नाही.
वेळापत्रकावरून. शेवटचा तास परत माझ्याच गळ्यात.
स्टाफरूममध्ये आम्ही चहाचा थर्मास
तिसऱ्या माणसाकरवी सरकवतो.
पोरांना सगळं कळतं.
काल तहेसीन वही घेऊन आली, पेन मधे खोचलेलं,
"बाई, एक पान कोरं सोडलंय."

घरी आणलीय. रात्रीचे साडेदहा.
काय झालं : सव्वा पान, एका दमात.
मी काय केलं :

पेन चावायची सवय मोठ्यांनाही असते.